ट्रिगर ऑफसेट वेगळा, इंजेक्शन टायमिंग वेगळं, आणि डिस्ट्रीब्युटर सारखा फिरवू नका

उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गॅरेजात जावा, 'टायमिंग' हा एकच शब्द सगळ्याला चालतोय. बेल्ट चढवला तरी टायमिंग, डेल्को, म्हणजे सिलिंडरना स्पार्क वाटणारा डिस्ट्रीब्युटर, फिरवला तरी टायमिंग, शेतातल्या डिझेल इंजिनाचा पंप लावला तरी टायमिंगच. कार्बोरेटरवर ते खपून गेलं. पण आता पोरं जुन्या मारुती एस्टीमला इंजेक्टर आणि स्पीडुइनो नाहीतर मेगास्क्वर्ट असला लॅपटॉपवरनं सेट होणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लावायलेत, डिस्ट्रीब्युटर तसाच ठेवून, आणि तिथं सगळा घोळ होतोय.

स्पार्क टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी किती अंशाला पडतो, म्हणजे अ‍ॅडव्हान्स, ते तुम्हाला ठाऊक आहे, एक नंबरच्या वायरला क्लॅम्प लावून पुलीवर स्पार्कबरोबर चमकणारी टायमिंग लाईट मारायची, ते सांगत बसत नाही.

ऑफसेट म्हणजे अ‍ॅडव्हान्स नव्हे हो! ईसीयूला पिस्टन दिसत नाही, त्याला फक्त सेन्सरसमोरनं ट्रिगर चाकाचा दात गेलेला कळतो, आणि तो दात गेला तेव्हा क्रँक टीडीसीपासून किती अंशावर होता हे आपण त्याला सांगायचं, तो आकडा म्हणजे ट्रिगर ऑफसेट. तो ८ अंशानं चुकला तर लॅपटॉपवर १० दिसतंय आणि स्पार्क १८ ला पडतोय, आयडलला पण आणि फुल लोडला पण. मग गोव्याहून येताना चोर्ला घाटात गाडी नॉक करते (इंधन अवेळी पेटून ठोके येतात) आणि हा गडी अ‍ॅडव्हान्सच्या टेबलातले आकडे कमी करत बसतो. टेबलाला हातच लावायचा नाही तिथं.

तपासायची रीत अशी. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० वर फिक्स करा. हे न करता लाईट मारणारे निम्मे आहेत, आयडल सांभाळायला ईसीयू अ‍ॅडव्हान्स हलवत असतो, मग खूण नाचणारच की. फिक्स केल्यावर लाईटमध्ये १४ दिसलं तर ऑफसेट ४ नं बदला, अधिक का उणे ते ईसीयूप्रमाणे वेगळं असतंय, एकदा बदलून बघा, उलटं गेलं तर दुसऱ्या बाजूला. मग ३००० आरपीएमला न्या. खूण जागेवरच राहिली पाहिजे. सरकत असेल तर ऑफसेटच्या मागं लागू नका, ट्रिगर एज (ईसीयू दाताची कुठली कड धरतो ते) नाहीतर सेन्सरची पोलॅरिटी उलटी आहे का बघा. आणि या सगळ्याच्या आधी पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकातनं पिस्टन अडवायचा बोल्ट) लावून पुलीची खूण खरी आहे का बघा, रबरवाल्या पुलीची बाहेरची रिंग सरकलेली असू शकते.

आता डिस्ट्रीब्युटर. ट्रिगर क्रँकवर असेल तर डिस्ट्रीब्युटर फिरवून स्पार्कची वेळ एक अंशही बदलत नाही, फक्त आत फिरणाऱ्या रोटरचं टोक कॅपच्या टर्मिनलपासून लांब जातंय आणि मिसफायर सुरू. सेन्सर डिस्ट्रीब्युटरच्या आतच असेल तर मात्र बदलतंय, तेही डबल, कारण तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, बॉडी ५ अंश हलली की क्रँकचे १०. आणि आतली वेगाबरोबर अ‍ॅडव्हान्स वाढवणारी वजनं आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स लॉक केलेले नसतील तर ईसीयू पण अ‍ॅडव्हान्स देतंय आणि वजनं पण. माझं म्हणणं एकच, रोटर टर्मिनलसमोर आणून बोल्ट आवळा आणि पुढचं सगळं लॅपटॉपवरनं करा. जुन्या कॅपला भोक पाडून त्यातनं लाईट मारली की रोटर कुठं आहे ते दिसतं.

राहिलं इंजेक्शन टायमिंग. इंजेक्टर ७२० अंशाच्या चक्रात कधी उघडतो, कधी बंद होतो, एवढंच. टायमिंग लाईटमध्ये ते दिसत नाही, नॉइड लाईट (इंजेक्टरच्या वायरीला लावायचा छोटा दिवा) पण पल्स येतोय एवढंच सांगते. डिस्ट्रीब्युटरमध्ये सेन्सरसमोरनं जाणारी चारही पाती सारखी असतील आणि दुसरा कॅम सेन्सर नसेल तर एक नंबरचा सिलिंडर कुठला हेच ईसीयूला कळत नाही, स्पार्क वाटायचं काम रोटर करतोय म्हणून गाडी चालते, इंजेक्टर जोडीनं मारतात, मग कोन बदलून काय हाती लागणार? सिक्वेन्शियल असेल, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर आपापल्या पाळीला मारत असेल, तरच आयडलला कोन हळूहळू बदलून लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण) बघा. ऑफसेट चुकला की हा कोन पण तेवढाच सरकतो, पण इंधन इनटेकमध्येच पडत असल्यानं १० अंशानं काही बिघडत नाही.

डिझेलवाले मेस्त्री इथंच हटून बसतात, कारण त्यांच्याकडं पंप फिरवला की जळायची वेळच बदलते. पेट्रोलला जळायची वेळ स्पार्क ठरवतो. म्हणून नॉक झालं की इंजेक्शनचा कोन फिरवणारा माणूस दिसला तर आधी त्याच्या हातातला लॅपटॉप काढून घ्या आणि लाईट द्या.