खडक चढणाऱ्या घरगुती जीपची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी जीप खोलून तिच्यापासून खडक चढणारी गाडी उभी करण्याची हौस अलीकडची मानली जाते. तिच्यामागे मात्र गेल्या आठ दशकांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते तो गाडी अधिकाधिक हळू चालवण्याचा इतिहास आहे. दगडावर वेग निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरतो. चाकाने दगडावर उडी न मारता दगडाला धरून वर यावे लागते.

१९४१ साली दुसऱ्या महायुद्धासाठी तयार झालेल्या विलिस एमबी जीपला पुढे आणि मागे सलग, दणकट ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारे एकसंध दांडे) होते आणि लो रेंजचा, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा, वेगळा गियर होता. पहिला गियर, लो रेंज आणि क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची दातेरी जोडी) यांच्या प्रमाणांचा गुणाकार केला, तर तो साधारण २५ येतो, म्हणजे इंजिनाच्या २५ फेऱ्यांमागे चाकाची एक. युद्धानंतरच्या नागरी सीजे जीपमध्ये हाच आकडा ३७ च्या घरात गेला. त्याच जीप घेऊन १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉनच्या खडकाळ वाटेवर सामूहिक सफर निघाली, आणि खडक चढण्याच्या खेळाची ओळख त्या वाटेशी कायमची जोडली गेली.

आपल्याकडे महिंद्रने १९४७ पासून विलिस जीप आणल्या आणि पुढे सीजे३बी येथेच तयार होऊ लागली. १९८० च्या दशकात प्यूजोच्या २.१ लिटर डिझेल इंजिनाची एमएम५४० जीप आली. त्याच दशकात नाशिकमधल्या सातपूरला महिंद्रचा कारखाना उभा राहिला. पुढे स्कॉर्पिओ आणि थार याच शहरातून बाहेर पडल्या. नाशिकच्या या हौसेची पाळेमुळे मात्र कारखान्याइतकीच रस्त्यावरही शोधावी लागतात. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूच्या घाटांत काळ्या-पिवळ्या जीप वर्षानुवर्षे खच्चून भरून धावल्या, त्यांचे पाटे (लीफ स्प्रिंग) तुटले, क्राऊन-पिनियन गेले, आणि ते दुरुस्त करता करता गॅरेजवाल्यांचे हात तयार झाले. सातपूर-अंबड या औद्योगिक वसाहतींतल्या लेथवाल्यांमुळे शाफ्ट कापून घेणे किंवा ब्रॅकेट बनवून घेणे शहराबाहेर न जाताही शक्य झाले. हे कसब नसते, तर परदेशातून महागडे सुटे भाग मागवण्यापलीकडे ही हौस गेली नसती.

प्रत्यक्ष बांधणीत जुन्या जीपचा सांगाडा अजूनही पसंत केला जातो, त्यालाही कारण आहे. २०१० च्या थारला पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे हलणारे) आले, ते रस्त्यावर सुखाचे. पण सलग ॲक्सलचे एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप जमिनीकडे दाबले जाते, आणि खडकावर नेमके तेच हवे असते. मूळ जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की उंची मिळते, परंतु पिनियनचा कोन बिघडतो आणि ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) लवकर झिजतात. म्हणून पाट्याची बैठक कापून, कोन मोजून, पुन्हा वेल्ड करावी लागते. घाई करणाऱ्यांची गाडी याच एका कामात फसते, असे मला ठामपणे वाटते.

टायर मोठे केले की गियरिंगचा फायदा घटतो, कारण २८ ऐवजी ३५ इंची टायर लावला तर चाकाच्या एका फेरीत गाडी सव्वापट पुढे जाते. त्यामुळे क्राऊन-पिनियनचे प्रमाण वाढवणे किंवा ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो गियर अधिक खोल करणे ओघाने येते. एकूण प्रमाण १०० च्या आसपास नेले, तर इंजिनाच्या मिनिटाला हजार फेऱ्यांवर गाडी ताशी पावणेदोन किलोमीटरच्या बेताने सरकते. साधे डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) हवेत लटकलेल्या चाकालाच फिरवत बसते. त्यावर कमी पैशांतला जुना उपाय म्हणजे आतले स्टार गियर वेल्ड करून टाकणे. खडकावर तो चालतो, पण डांबरी वळणावर टायर घासतात आणि शाफ्टवर ताण येतो, म्हणून परवडेल त्याने हवेच्या दाबावर चालणारा लॉकर, म्हणजे हवे तेव्हा दोन्ही चाके एकत्र जखडणारी यंत्रणा, बसवावा.

अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या परिसरातला बेसाल्ट कोरडा असताना टायरला उत्तम पकड देतो आणि पावसाळ्यात शेवाळल्यावर तितकाच निसरडा होतो. त्यामुळे येथे टायरमधली हवा कमी करण्याला इंजिनाच्या ताकदीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली. म्हणून अशी गाडी ट्रकवर चढवून, मालकाच्या परवानगीने, खासगी जमिनीवर नेणे हाच योग्य मार्ग आहे, आणि वनखात्याच्या हद्दीत तर ती मुळीच उतरवू नये.