शरीरलज्जा व डाएट यांचे पिढीजात संक्रमण

शरीराच्या आकाराची लाज आणि त्या लाजेपोटी अन्नावर घातलेली बंधने आजी-आईकडून मुलानातवंडांकडे जाण्याची प्रक्रिया. मुद्दाम शिकवायला कोणी बसत नाही. ताट वाढताना, कपडे घेताना, पाहुण्यांसमोर सहज निघालेल्या वाक्यांतून ती पुढे सरकते. येथील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांविषयी आहे.

मराठी घरांत टंचाईची शिस्त आणि सडपातळपणाची हौस एकाच ताटात येतात. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) खाल्लेल्या पिढीने ‘ताटात टाकायचं नाही’ असे शिकवले, आणि ते रास्तच होते. अशा अनेक घरांत बाई सर्वांत शेवटी जेवते, उरलेसुरले संपवते, आणि बाळसे धरलेले मूल म्हणजे आईच्या कष्टांचे चीज मानले जाते. तीच मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की ‘आता भात कमी कर’ सुरू होते, कारण मोठ्यांच्या डोळ्यांपुढे कांदेपोह्यांचा कार्यक्रम असतो. स्थळांच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हे शब्द वर्षानुवर्षे छापून आले आहेत. मग ‘ताट संपव’ आणि ‘किती सुटलीस’ ही दोन्ही वाक्ये एकाच जेवणात, एकाच तोंडून ऐकू येतात. भूक आहे का, पोट भरले का, हे दोन्हींत कोणी विचारत नाही. तान्ह्या बाळालाही पोट भरल्याचे कळते, ते तोंड फिरवते. ही जाण दोन उलट हुकमांखाली बोथट होणे हे सर्वांत मोठे नुकसान होय.

मुलांना थेट काही न बोलताही हे घडते. आई सगळ्यांना वरण-भात-तूप वाढते आणि स्वतः ताक व काकडीवर भागवते. फोटो काढताना मुलाला पुढे घेऊन आपले पोट झाकते. आरशापुढे ‘काय अवतार झालाय’ म्हणते. आईसारखाच बांधा असलेल्या मुलीला हे वाक्य स्वतःलाच लागू पडते. ‘ढब्बू’, ‘काडीपैलवान’ ही लाडाची नावेही अंगाला चिकटतात. मुलगे त्यापायी व्यायामशाळेत जाऊन पावडरींच्या मागे लागतात. उपवासाची आडही महत्त्वाची आहे. ‘आज माझी एकादशी’ म्हटले की न जेवण्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे वजनासाठी चाललेली उपासमार महिनोन्‌महिने श्रद्धा म्हणून खपते.

वयात येतानाचा काळ सर्वांत नाजूक. साधारण १० ते १४ या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते, आणि मांड्या, कंबर व छातीवर चरबी साठते. पाळी सुरू होण्यासाठी व टिकण्यासाठी ती लागते. नेमक्या याच वर्षांत टोमणे सुरू होतात आणि वाढीचे वजन ‘जाडी’ ठरते.

बंधनांचा परिणाम उलटा का होतो, हे दोन प्रयोगांतून स्पष्ट झाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे व उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, आणि बंधन उठल्यावरही काहींना पोट भरल्यासारखे वाटेना. आजचे पुष्कळ डाएट चार्ट याहूनही कमी कॅलरींचे असतात. पुढे जेनिफर फिशर व लिअन बर्च या अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले, की दिसतो पण मिळत नाही असा खाऊ लहान मुले अधिक मागतात, त्याच्याबद्दल अधिक बोलतात. लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवणाऱ्या घरात तेच होते: मूल चोरून, उभ्याउभ्या, भरभर खाते, मग लाजते.

लाज पुढच्या पिढीत जाते तशी शरीराची घडणही जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा अभ्यास केला. गरोदरपणापूर्वी या मातांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. मात्र पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. शरीराच्या अशा घडणीमुळे भारतीयांसाठी जास्त वजनाची सीमा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ धरतात, जगात सर्वसाधारणपणे ती २५ असते. बारीक दिसणाऱ्यालाही मधुमेह होतो, आणि ‘हिला काय, ती बारीक आहे’ म्हणून तपासणी टळते. पोटाचा घेर आणि रक्तातील साखर यांची काळजी जरूर घ्यावी. टोमण्याने या दोहोंपैकी काहीच सुधारत नाही.

साखळी तोडण्यासाठी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची जबाबदाऱ्यांची विभागणी घरात सहज बसते: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. मुलांना दर अडीच-तीन तासांनी खाणे मिळावे, मध्ये सतत चरणे नसावे. पहिल्यांदा थोडेच वाढावे, लहान मुलाला प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा या हिशेबाने, आणि मागितले तर पुन्हा द्यावे. गोड ताटातच वाढावे. भाजी संपवल्याचे बक्षीस केले की भाजी शिक्षा ठरते. पहिले काही आठवडे मूल गोडावर तुटून पडते, आणि बहुतेक घरे इथेच माघार घेतात. थोडा धीर धरला तर नवलाई ओसरते.

सर्वांत अवघड भाग आजी-आत्यांचा. त्यांना लोकांसमोर उत्तर दिल्यास त्या दुखावतात आणि मुलावरचे लक्षही वाढते. आधी एकांतात, ‘आजी, तिच्या अंगाबद्दल काही बोलू नका, अभ्यासाबद्दल विचारा’ असे सांगितलेले चालते. तरीही टोमणा आलाच, तर मुलीच्या देखत ‘तिची वाढ छान चालली आहे’ इतके म्हणून विषय बदलावा. मुलांचे वजन घरी दर आठवड्याला करू नये. बालरोगतज्ज्ञांकडील वाढतक्त्यावर नोंद पुरते. मुलाची रेषा एकाएकी वर किंवा खाली सरकली तरच चौकशी हवी.

जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणे, (घशात बोटे घालून उलटी काढल्याने) बोटांच्या सांध्यांवर चट्टे, सुरू झालेली पाळी तीन महिने न येणे, चक्कर, केस गळणे, सैल कपड्यांत अंग लपवणे, एकटीने जेवण्याचा हट्ट यांपैकी काही दिसल्यास तो खाण्यासंबंधीचा मनोविकार असू शकतो, तिथे आहाराचा सल्ला पुरत नाही. डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवावे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.