‘नाटककार सतीश आळेकर’: बडोद्याकडून जाणारी वाट

अतुल पेठे यांनी २००८ साली आळेकरांवर दीड तासाचा माहितीपट केला. माणूस पुण्याचा, नाटकं पुण्याची. तरी आम्हा बडोदेकरांना या नाटकांत आपलं काही सापडतं, आणि त्याचा माग काढायचा तर १८६९ पर्यंत जावं लागतं.

त्या वर्षी बडोदे संस्थानातल्या कठोर गावी गायक भास्करबुवा बखले जन्मले. बडोद्यात ते आधी पिंगळेबुवांकडे कीर्तन शिकले, मग फैज महंमद खाँसाहेबांकडे गाणं. १९१६ साली बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ रंगमंचावर आणलं, त्याच्या चाली भास्करबुवांच्या. याच मंडळीला सयाजीराव महाराजांनी आश्रय दिला होता.

कीर्तन आणि गंधर्वकाळातलं गाणं काढून घेतलं, तर आळेकरांची दोन मोठी नाटकं उभीच राहत नाहीत. ‘महानिर्वाण’मधले (१९७४) कीर्तनकार भाऊराव मेल्यावर स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात, जुनं स्मशान बंद होतंय आणि त्यांना तिथंच जळायचंय. ‘बेगम बर्वे’तला (१९७९) उदबत्त्या विकणारा बर्वे एके काळी संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका करायचा. त्याचं आणि दोन कारकुनांचं स्वप्न एकमेकांत मिसळतं, तेव्हा जुनी पदं कानी येतात. सरलेल्या काळाबद्दल एकाच वेळी इतकं निर्दय आणि इतकं मायेनं लिहिलेलं दुसरं मराठी नाटक मला माहीत नाही.

आळेकरांचं शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं, नोकरी बी. जे. मेडिकल कॉलेजात. नाटक मित्रांच्या घोळक्यात. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ला ते जब्बार पटेलांचे सहायक होते, कीर्तन, लावणी, अभंग आणि माणसांची हलती भिंत एकाच नाटकात कशी नांदते, हे त्यांनी तालमीत उभं राहून पाहिलं. पुढच्याच वर्षी थिएटर अकॅडमी ही त्यांची नाट्यसंस्था निघाली. ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ ही दोन्ही त्यांनी स्वतःच बसवली. म्हणून त्यांच्या लेखनाची गोष्ट तालमीच्या हॉलपासून वेगळी काढता येत नाही. खाडिलकर कसे लिहीत, हे आपल्याला इतरांच्या आठवणींतूनच कळतं. आळेकरांच्या वेळी पेठ्यांचा कॅमेरा हाताशी होता, हे आपलं भाग्य.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजी पूजेची फुलं निवडताना ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ गुणगुणायची. बालगंधर्वांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते तिच्या आईनं.