पंख्यांनी पाण्याकडे बघून फिरावं

कॉम्प्युटरला वॉटर कूलिंग, म्हणजे पाणी फिरवून थंड ठेवायची सोय, बसवलं तरी पंख्यांची घरघर काही थांबत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. ब्राउझरमध्ये एखादं जड पान उघडलं की पंखे घोंगावतात, दोन सेकंदांत गप्प होतात, पुन्हा घोंगावतात. पंख्यांत दोष नसतो. मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड, त्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावरून ठरवत असतो, आणि ते तापमान डोळ्याची पापणी लवायच्या आत ४५ वरून ७५ अंशांवर जातं. पण पंखे बसवलेत रेडिएटरवर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीवर, आणि रेडिएटरमध्ये असतं पाणी. ते इतक्या घाईने तापत नाही.

हिशेब करून बघा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ४०० वॉट उष्णता टाकत असतील आणि लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या नळ्यांच्या बंद वर्तुळात, एक लिटर पाणी असेल, तर दोन सेकंदांच्या त्या उसळीने पाणी जेमतेम ०.२ अंशाने तापतं. तेवढ्यासाठी पंखे पळवून काय साधणार? लूपमध्ये १० किलोओहमचा साधा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) बसवावा, मदरबोर्डवर त्यासाठी दोन पिनांची जागा असेल तर तिथे जोडावा, आणि फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखे किती वेगाने फिरावेत ते ठरवणारा आलेख, त्याच्या आकड्यावर चालवावा. पंखे हळूहळू चढतात, हळूहळू उतरतात.

आता आपल्याकडचा उन्हाळा. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात नागपुरात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर ‘पाणी ३५ अंशांवर ठेव’ हा हुकूम पाळणं अशक्य आहे. पंखे दिवसभर पूर्ण वेगाने फिरतील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून पाणी आणि खोली यांच्या तापमानांतला फरक धरावा. तो दहा-बारा अंशांवर राहिला की उत्तम. पाणी ४८ वर गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्खिंगमध्ये २०१२ साली सुरू झालेला सुपरम्यूक हा महासंगणक ४५ अंशांपर्यंतच्या कोमट पाण्यावर चालवता येईल असाच बांधला होता, आणि परतणाऱ्या पाण्यातल्या उष्णतेने तिथल्या इमारती उबदार ठेवल्या जात. घरच्या लूपमध्ये मर्यादा येते ती बाकीच्या सामानामुळे: बऱ्याच पंपांना ६० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं.

पंपाबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ‘पाणी हळू फिरवलं तर रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबतं, जास्त निवतं’ हे चूक. तेच पाणी चिपजवळही जास्त वेळ थांबतं, तापतं. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर ४०० वॉटच्या भाराने पाणी एका फेरीत ५.७ अंशांनी चढतं. चार लिटर असेल तर १.४ अंशांनी. म्हणजे अगदी मंद प्रवाह वाईटच. पण ‘जितका जास्त तितका चांगला’ हेही चूक: चार लिटरच्या पुढे प्रवाह दुप्पट केला तरी कमावायला उरतो एखादा अंशही नाही, आणि पाणी ढकलायला लागणारी शक्ती मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंप ६० टक्के वेगावर आणला तर ती जवळजवळ एक पंचमांशावर येते. आवाजही उतरतो.

माझं स्पष्ट मत आहे की पंपाला कर्व्ह लावूच नये. ६० ते ७० टक्क्यांवर एक स्थिर वेग द्यावा आणि विसरून जावं. वर-खाली करायचं काम पंख्यांचं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, एकच गोष्ट जरूर तपासावी: पंप मदरबोर्डवरच्या ज्या हेडरला (पिनांच्या जागेला) जोडलाय त्यावर पंख्यांचा ‘सायलेंट’ कर्व्ह तर लागलेला नाही ना. तसं असेल तर मशीन निवांत असताना पंप अगदी मंदावतो, काही पंप थांबतातही, आणि भार एकदम आला की चिपलगतचं पाणी जागच्या जागी तापत राहतं.