अंतराळ-घड्याळांच्या नव्या आवृत्त्या

अंतराळमोहिमांत वापरल्या गेलेल्या मनगटी घड्याळांची, त्यांचे उत्पादन थांबल्यावर बऱ्याच काळाने, मूळ कंपनीने किंवा तिचे नाव पुढे चालवणाऱ्या कंपनीने केलेली पुनर्निर्मिती. ठाणे व नवी मुंबईतील हौशी संग्राहक बोलताना त्यांना ‘रीइश्यू’ म्हणतात. बाजारात मात्र ‘स्पेस वॉच’ या सैल नावाखाली खऱ्या नव्या आवृत्त्या, कधीच बंद न पडलेली मॉडेले, दुसऱ्या कंपन्यांनी केलेल्या प्रतिकृती आणि डायल रंगवून नवी केलेली जुनी घड्याळे अशा चार वेगळ्या गोष्टी एकत्र विकल्या जातात. म्हणून येथे व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवली आहे.

या व्याख्येची पहिली अडचण सर्वांत प्रसिद्ध घड्याळाच्या बाबतीतच येते. ओमेगाचे स्पीडमास्टर १९५७ मध्ये मोटारशर्यतींसाठी निघाले आणि तेव्हापासून त्याचे उत्पादन अखंड चालू आहे. यंत्रणा बदलत गेली; तिच्या प्रकारांचे क्रमांक असे: आधी ३२१, १९६८ पासून ८६१, नंतर १८६१ आणि २०२१ पासून ३८६१. आज मिळणाऱ्या नेहमीच्या स्पीडमास्टरला, म्हणजे ‘मूनवॉच’ला, काही लेखक नवी आवृत्ती मानतात, पण ते चालू वंशातले घड्याळ आहे असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. बंद पडलेल्या विशिष्ट मॉडेलकडे जेव्हा कंपनी परत वळते, तेव्हाच नवी आवृत्ती म्हणावी. या कसोटीवर स्पीडमास्टरच्या सीके २९९८ या मॉडेलची २०१२ व २०२४ मधील रूपे आणि एसटी १०५.००३ चे २०२० मधील रूप टिकते. २०२२ चे प्लास्टिकसदृश बायोसिरॅमिकमधील, क्वार्ट्झवर चालणारे मूनस्वॉच टिकत नाही. बंगळुरूच्या एका कंपनीची ‘अपोजी’ ही भारतीय अंतराळ कार्यक्रमावर बेतलेली मालिकाही येथे बसत नाही, कारण ती मुळातच नवी रचना आहे.

‘अंतराळात गेलेले पहिले घड्याळ’ कोणते, यावर बराच वाद आहे आणि नव्या आवृत्त्यांच्या जाहिराती याच वादावर उभ्या असतात. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन यांच्या मनगटावर पहिल्या मॉस्को घड्याळ कारखान्याचे ‘श्तुर्मान्स्किये’ होते, हे सामान्यतः मान्य आहे. हे घड्याळ सोव्हिएत हवाई दलासाठी बनत असे. मात्र गागारिन यांच्याकडचा प्रकार नेमका कोणता, यावर संग्राहकांचे एकमत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘चेर्नुश्का’ नावाच्या कुत्रीच्या पायाला एका डॉक्टरने ‘पोबेदा’ घड्याळ बांधून तिला अंतराळात पाठवले, असेही सांगितले जाते. ते खरे धरल्यास पहिलेपणाचा मान महिनाभर मागे जातो, पण त्या घड्याळाचा माणसाच्या वापराशी संबंध नाही.

स्विस घड्याळांत हाच प्रश्न व्याख्येवर अडतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी ह्यूअर कंपनीचे स्टॉपवॉच पोशाखावर बांधले होते, पण ते मनगटी घड्याळ नव्हे. २४ मे १९६२ रोजी स्कॉट कार्पेंटर यांनी ब्राइटलिंगचे ‘कॉस्मोनॉट’ नेले. त्याचा तास-काटा २४ तासांत एक फेरी पूर्ण करतो. साधारण दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा होत असताना खिडकीबाहेर पाहून दिवस की रात्र हे ठरत नाही, म्हणून कार्पेंटर यांनी अशी तबकडी मागितली होती. वॉल्टर शिरा यांचे स्वतःचे ओमेगा सीके २९९८ ३ ऑक्टोबर १९६२ रोजी गेले. म्हणजे पहिल्या स्विस मनगटी घड्याळाचा मान ब्राइटलिंगकडे राहतो आणि ओमेगाही आपल्या आवृत्तीला ‘अंतराळातील पहिले ओमेगा’ एवढेच म्हणते. कार्पेंटर यांचे घड्याळ समुद्रात उतरताना खाऱ्या पाण्याने निकामी झाले होते. ते दुरुस्त न करता तसेच जपले गेले. २०२२ मध्ये ब्राइटलिंगने ३६२ नगांची, ४१ मिमी.ची, चावीवर चालणारी नवी आवृत्ती काढली, तेव्हा ते मूळ घड्याळही लोकांसमोर मांडले.

सोव्हिएत बाजूची माहिती त्रोटक आहे. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडले, तेव्हा त्यांच्याकडे ‘स्त्रेला’ क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेले घड्याळ) होता असा प्रघाती समज आहे; पोशाखावरचे घड्याळ चित्रांत स्पष्ट दिसत नाही, असा आक्षेप काही संग्राहक घेतात. स्त्रेलाची ३०१७ ही यंत्रणा स्विस व्हीनस १५० वर आधारलेली होती. पुढे स्त्रेला नावाने निघालेल्या घड्याळांत ३१३३ ही व्हाल्जू ७७३४ वरून आलेली वेगळी यंत्रणा आढळते. तबकडी जुनी आणि यंत्र नवे, अशी ही आवृत्ती आहे. चिनी ‘सीगल १९६३’ चे पूर्वज व्हीनस १७५ असल्याने ते स्त्रेलाशेजारी ठेवले जाते. ते हवाई दलासाठीचे घड्याळ होते, अंतराळाशी त्याचा संबंध जोडू नये.

यंत्रणेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची पुनर्निर्मिती कॅलिबर ३२१ ची, म्हणजे ओमेगाच्या ३२१ या यंत्रणेची. मूळ रचना १९४२ च्या सुमारास लेमानिया कारखान्यात आल्बेर पिगे यांनी केली. स्टॉपवॉच सुरू करणे, थांबवणे व शून्यावर आणणे या क्रिया ती खांबांच्या दातेरी चाकाने, म्हणजे कॉलम व्हीलने चालवते. १९६८ च्या ८६१ मध्ये त्याऐवजी कॅम, म्हणजे उंचसखल कडेची चकती, आला, त्यामुळे ते बनवणे सोपे झाले. बॅलन्सची (मागेपुढे डुलणाऱ्या चाकाची) गतीही ताशी १८,००० वरून २१,६०० ठोक्यांवर गेली. नासाने १ मार्च १९६५ रोजी मान्यता दिलेले आणि अपोलो ११ च्या तिघांनी नेलेले स्पीडमास्टर ३२१ चेच होते. २०१९ मध्ये ओमेगाने ही यंत्रणा पुन्हा बनवायला घेतली. त्यासाठी अपोलो १७ चे जीन सर्नन यांनी वापरलेल्या घड्याळाची टोमोग्राफीने आतून तपासणी केली. २०२० च्या पोलादी घड्याळाचे बाह्यरूप एड व्हाइट यांनी ३ जून १९६५ च्या अंतराळचालीत वापरलेल्या १०५.००३ चे आहे. आत-बाहेर दोन्हीकडे मूळाला इतके जवळ जाणारे दुसरे उदाहरण विरळा. चंद्रावर वापरल्या गेलेल्या पहिल्या घड्याळाची अशी तपासणी आता शक्य नाही: आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ यानातच ठेवले होते, आणि ऑल्ड्रिन यांच्या हातातले नंतर स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जाताना हरवले.

बुलोव्हाने याच्या उलट मार्ग धरला. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांच्या ओमेगाची काच निघाली, तेव्हा तिसऱ्या चंद्रचालीत त्यांनी स्वतःचे बुलोव्हा घातले. ते २०१५ मध्ये लिलावात १६ लाख २५ हजार डॉलरला गेले. २०१६ मध्ये आलेल्या ‘लूनर पायलट’मध्ये चावीच्या यंत्राऐवजी २६२ किलोहर्ट्झचे क्वार्ट्झ आहे. नेहमीच्या क्वार्ट्झच्या आठपट कंपनांमुळे सेकंद-काटा जवळपास सलग सरकतो. २००८ पासून बुलोव्हा सिटिझनकडे आहे. एचएमटीची पहिली घड्याळे १९६१ मध्ये याच सिटिझनच्या सहकार्याने बनली होती, त्यामुळे ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या घरांत जपलेल्या ‘जनता’शी लूनर पायलटचे दूरचे नाते निघते. मूळ चांद्रघड्याळाशी त्याचे साम्य मात्र तोंडवळ्यापुरतेच आहे.

ठाणे, वाशी, नेरूळ परिसरात खरा गोंधळ सायको ६१३९ वरून होतो. विल्यम पोग यांनी स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या शेवटच्या मोहिमेत (नोव्हेंबर १९७३ – फेब्रुवारी १९७४) पिवळ्या तबकडीचे हे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ नासाच्या मान्यतेविना नेले. जुनी सायको, एचएमटी, फाव्र-ल्यूबा यांच्या तबकड्या पुन्हा छापून वा रंगवून विकण्याचा मुंबईचा धंदा जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ नावाने ओळखला जातो आणि पिवळे ‘पोग’ त्याला सहज बळी पडते. अशा घड्याळाला ‘नवी आवृत्ती’ म्हणून विकणे ही सरळ दिशाभूल आहे. घेणाऱ्याने मागच्या झाकणावरचा क्रमांक पाहावा. पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे चिन्ह महिन्याचे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी. तबकडीवरील ‘वॉटर प्रूफ’ हे शब्द १९७० च्या सुमारास ‘वॉटर रेझिस्ट’ झाले. झाकणाचे वर्ष आणि तबकडीचे शब्द जुळत नसतील, तर तबकडी बदललेली असण्याचा संभव मोठा. फिरत्या आतल्या कड्याचा उठावदार, नवाकोरा रंगही शंका घेण्याजोगा.

येथील हवामानाचाही विचार हवा. नासाच्या चाचण्यांत घड्याळ किमान ९५ टक्के आर्द्रतेत २४० तास ठेवले गेले होते. ठाण्याच्या आषाढ-श्रावणातली हवा अनेकदा त्याच्या आसपास जाते, आणि तीही आठवडेच्या आठवडे. स्पीडमास्टरची जलरोधकता ५० मीटरची सांगितली जाते, पण पाणी रोखणारे रबरी कडे, म्हणजे गास्केट, जुने झाले की हा आकडा निरर्थक ठरतो. पावसाळ्यात चामड्याऐवजी नायलॉनचा पट्टा वापरणे बरे. अंतराळवीरही पोशाखावर लांब वेल्क्रो पट्टाच बांधत. हेसालाइटच्या (प्लास्टिकच्या) काचेवर लोकलच्या गर्दीत चरे पडतात, पण पॉलिशने ते निघतात. नीलम-काचेवरचे निघत नाहीत.

दुरुस्तीच्या दृष्टीने ८६१ वंशातली कॅमची यंत्रणा अनुभवी घड्याळजीला परिचित असते आणि तिचे ऑइलिंग होऊ शकते. नव्या ३२१ चे व ३८६१ चे सुटे भाग बाहेर सहज मिळत नसल्याने ती कंपनीकडेच पाठवावी लागतात. लूनर पायलटची बॅटरी कोणत्याही चांगल्या दुकानात बदलता येते, मात्र झाकण बसवताना गास्केट नवे घालून घ्यावे. भारत व एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन) देशांतील करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्याने स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. जपानी मालकीच्या बुलोव्हाला आणि जपानच्याच सायकोला या कराराचा लाभ नाही.