प्रेषित म्हणजे वरचा साहेब?

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो: ‘प्रेषित हे सर्वांत वरचं पद; त्यांनी हुकूम द्यायचा, बाकीच्यांनी सेवा करायची.’ शब्दाला मान आहे, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविकच.

आधी शब्द बघा. पाकिटावर आपण ‘प्रेषक’ लिहितो, म्हणजे पाठवणारा. प्रेषित म्हणजे पाठवलेला. मूळ ग्रीक ‘अपोस्टोलोस’चाही अर्थ हाच. हळदीच्या पेठेत अडत्या माल विकतो, पण माल त्याचा नसतो. तसंच हे: निरोप प्रेषिताचा नसतो, पाठवणाऱ्याचा असतो.

मग घरातलं बायबल उघडा. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीलाच पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास आणि प्रेषित होण्यास बोलावलेला म्हणतो. बोलावलेला, पद त्याने मागून घेतलेलं नाही. मार्क 10:35-45 तर सावकाश वाचावं. येशूचे शिष्य याकोब आणि योहान त्याच्याकडे मानाच्या जागा मागतात, आणि येशूचं उत्तर मिळतं की मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं. ही ताकीद खुद्द येशूच्या बारा प्रेषितांनाच आहे! करिंथ शहरात पौल तंबू बनवायचं काम करत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3).

अधिकार नव्हताच, असंही नाही. तो कशासाठी होता, ते 2 करिंथकर 10:8 मध्ये आहे: उभारणीसाठी, पाडण्यासाठी नव्हे.