पाढ्यांच्या तक्त्यातले 385

भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता आठवा. दहा ओळी, दहा रकाने: म्हणजे 10×10 ची मॅट्रिक्सच, आकड्यांची चौकट. 1 ते 10 हे आकडे उभे मांडून त्यांना या तक्त्याने गुणलं, तर तेच आकडे त्याच क्रमाने परत येतात, फक्त 385 पट होऊन. (1 ते 10 च्या वर्गांची बेरीज करून बघा.) या पटीला म्हणतात आयगेन मूल्य. 10×10 च्या मॅट्रिक्सला अशी दहा मूल्यं असतात. आपल्या तक्त्याची उरलेली नऊ शून्य आहेत.

आता एक यंत्र कल्पा. एक मॅट्रिक्स आत टाकली की दुसरी बाहेर येते, पण आयगेन मूल्यं तीच राहतात. अशी यंत्रं किती? हवी तेवढी. लबाडीच करायची तर मूल्यं काढा, तिरप्या ओळीत लिहा, बाकी सगळीकडे शून्य. झालं!

म्हणून एक साधी अट घालू. दोन मॅट्रिक्सची बेरीज करून ती यंत्रात टाकली काय, किंवा दोन्ही वेगवेगळ्या टाकून नंतर बेरीज केली काय, उत्तर एकच यावं, पटींचंही तसंच. गणिती अशा यंत्राला रेषीय म्हणतात. लबाडी इथे लगेच उघडी पडते. 2×2 च्या दोन मॅट्रिक्स घ्या: एकीत फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात 1, दुसरीत फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, बाकी शून्य. दोघींची सगळी आयगेन मूल्यं शून्य, म्हणून लबाड यंत्रातून दोन्ही कोऱ्या बाहेर पडणार आणि त्यांची बेरीजही कोरी. पण मूळ बेरजेची मूल्यं आहेत 1 आणि −1.

1959 मध्ये मार्कस आणि मॉइल्स या गणितज्ञांनी दाखवलं, की ही अट पाळणारी यंत्रं दोनच प्रकारची. एक, मॅट्रिक्सने गुणल्यावर रकान्यांचं जे रूपांतर होतं, तेच वेगळ्या अक्षांवर मांडायचं. दोन, त्याआधी ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करायच्या. 10×10 साठी कुठलंही रेषीय यंत्र 10,000 आकड्यांनी ठरतं. इथे मोकळीक उरते 99 आकड्यांची. मला खरी गंमत वाटते ती पुढे: गुणाकाराबद्दल आपण चकार शब्द काढला नव्हता, तरी ही यंत्रं गुणाकारही जपतात. पहिला प्रकार जसाच्या तसा, दुसरा क्रम उलटवून.

दोनच का? पाढ्यांच्या तक्त्याची प्रत्येक ओळ पहिलीच्या पटीत असते. अशी मॅट्रिक्स म्हणजे एक रकाना गुणिले एक ओळ, आणि कुठलीही मॅट्रिक्स अशांच्या बेरजेतून बनते. आपलं यंत्र अशा मॅट्रिक्सचं रूपांतर अशाच मॅट्रिक्समध्ये करतं (सिद्धतेतली खरी मेहनत इथे आहे). मग रकान्याचा एकतर रकाना होणार, नाहीतर ओळ.

ओळी-रकाने दहाऐवजी अनंत असतील, तर? त्या अनंत मितींतला निकाल 1986 मध्ये जाफरियन आणि सौरूर या गणितज्ञांनी दिला. यंत्रातून कुठलंही उत्तर बाहेर येऊ शकत असेल, तर तिथेही प्रकार हेच दोन, पण दुसरा प्रत्येक अवकाशात (म्हणजे रकान्यांच्या प्रत्येक संचात) चालत नाही. रकान्यांवरून ओळी आणि त्या ओळींवरून पुन्हा तशाच ओळी काढल्यावर मूळ रकानेच परत मिळत असतील, तरच तो चालतो.